दसऱ्याची ज्येष्ठता यादी

कॉम्प्युटरला मी खोटं उत्तर द्यायला शिकवलं, आणि तेही स्वतःचा नंबर वर लागावा म्हणून.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. अंबडच्या आमच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता आणि त्याच्या एसी खोलीची किल्ली माझ्याकडे. चालताना ती मी मुद्दाम खुळखुळवायचो. मग इगतपुरीहून ये-जा करणारी एक मुलगी नोकरीला लागली, आणि तिनं महिन्याभरात असा प्रोग्रॅम लिहिला की कुठलीही यादी द्या, तो क्रम लावणार. कामगार असोत की कँटीनची भाजी. मी प्रत्येक यादीसाठी वेगळा प्रोग्रॅम लिहीत आलो होतो, आणि त्याचंच मोठं कौतुक करून घेत होतो.

साहेब म्हणाले, "कामगारांची ज्येष्ठता यादी बाईंच्या प्रोग्रॅमवर काढा. नीट निघाली तर खोली त्यांच्याकडे."

त्या दिवशी मला डबा गेला नाही.

तिच्या प्रोग्रॅमला एक छोटं फंक्शन लिहून द्यावं लागे. दोन नोंदी समोर आल्या की पहिली दुसरीच्या आधीची आहे का, एवढंच सांगायचं. हो किंवा नाही. मॉनिटरवर तिनं चिठ्ठी चिकटवली होती: 'दोन्ही सारख्या असतील तर नाहीच म्हणावे.' कामगारांच्या नोंदी माझ्याकडे, म्हणून फंक्शनही मीच लिहायचं ठरलं. चिठ्ठी मी वाचली. पण कालची पोर मला शिकवणार?

शिवाय आमच्या मालकांचा नेम असा, की नवी माणसं फक्त दसऱ्याला घ्यायची. त्यामुळे एकेका तारखेला घोळकाच. मी आणि आमचे फोरमनभाऊ एकाच दसऱ्याचे, आणि आमच्यानंतर कुणी कायम झालं नव्हतं. टाईप करताना मी माझं नाव आधी टाकलं होतं. सारख्या तारखेलाही 'हो' म्हटलं की वरचा वरच राहील, असं माझं डोकं चाललं.

साहेब, भाऊ आणि ती, तिघांसमोर प्रिंटर कुरकुरला. कामगारांत बटाटे निघाले. भाऊ कुठेच नाहीत. मग सोबतच निघालेल्या कँटीनच्या यादीत सापडले, कांदे आणि कोथिंबिरीच्या मधे.

"बघा साहेब!" माझा आनंद लपेना. "सगळ्या याद्यांना चालणारा प्रोग्रॅम एकाही यादीला चालत नसतो!"

ती शांतपणे म्हणाली, "सर, हा प्रोग्रॅम यादीवरून बोट फिरवतो. 'आधीचा' म्हणाल तोवर पुढे जातो, 'नाही' म्हटलं की थांबतो. शेवटच्या दसऱ्याचे सगळे सारखे, आणि सारख्यांना कुणी 'नाही'च म्हटलं नाही. बोट यादी संपवून मेमरीत शेजारीच ठेवलेल्या कँटीनच्या यादीत गेलं आणि तिथल्याशी अदलाबदल करून आलं."

"माझं फंक्शन बरोबर आहे."

"मग तुमची नोंद तुमच्याच नोंदीशी ताडून बघू. तुम्ही तुमच्या आधीचे आहात का?"

तिनं बटण दाबलं. पडद्यावर माझ्याच फंक्शनचं उत्तर आलं: हो.

साहेबांनी हात पुढे केला. मी किल्ली ठेवली. ती त्यांनी तशीच तिच्या हातात दिली.

भाऊ अजून कांद्यांच्या खालचं आपलं नाव बघत होते. मान वर न करता म्हणाले, "लाइनीत दुसऱ्याच्या पुढं घुसणारे लय पाह्यले. सोताच्याच पुढं घुसणारा येडा पहिलाच हाय."