तापातली हाक

माझ्या नातीच्या, सुमीच्या तोंडून मी पहिल्यांदा ‘आबा’ ऐकलं, तेव्हा तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

पाच वर्षांची पोर. एक शब्द बोलायची नाही, कोणाकडे पाहायची नाही, हात धरू द्यायची नाही, दिवसभर ताटली गरगर फिरवत बसायची. अंगावर सारखे चट्टे, कान वाहणारा. आता डॉक्टर याला ऑटिझम म्हणतात, आणि अशा काही लेकरांच्या अंगात आतल्या आत दाह चालू असतो म्हणतात. पण ऐंशी सालाच्या आसपास आमच्या वडनेरात हे कोणाला ठाऊक? येडी म्हणून लोक मोकळे झाले.

मी जेमतेम शाळा पाहिलेला, पण मान वाकवणारा नव्हतो. देवापुढेही नाही. तरी तिच्यासाठी गिरडला, टेकडीवरल्या बाबाच्या दर्ग्याला गेलो. टेकडी चढतानाच तिला ताप भरला. तिथं सुपारीसारखे गोल खडे सापडतात. तिनं एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला, थेट डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, “आबा.”

खिशातून तापाची गोळी काढली, तर बायकोनं मनगट धरलं. “थांबा न जी! बाबानं वाचा देली, अन् तुम्ही ताप उतरवून राह्यले? काऊन?” अंगावर देवी, कांजण्या आल्या की आमच्याकडे औषध देत नसत, हेही तिला तसंच वाटलं. मलाही आणखी एक शब्द ऐकायचा होता. गोळी मुठीतच राहिली.

जवळ फुलं विकणारी एक म्हातारी बसली होती. तिनं न विचारता पदर भिजवून सुमीच्या कपाळावर ठेवला. “ओ भाऊ, पाहून काय राह्यले? शब्द जपसान अन् पोरगी जाईन. द्या ते गोळी!”

मी गोळी पाण्यात चुरून पाजली. मग दर्ग्याच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं, जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, शब्द तू घे, पोर मले दे.

ताप उतरला. शब्दही गेला. काही लेकरं तापात अशी घडीभर उमलतात, असं पुढं एका डॉक्टरनं सांगितलं. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्यानंतर तिला ताप आला की घरचे तिच्या तोंडाकडे पाहत. मी आधी पट्टी भिजवायचो.

सुमी अजून बोलत नाही. पण सकाळी येते, तोच खडा माझ्या तळहातावर ठेवते. मी मूठ मिटतो. त्याहून जास्त मी मागत नाही, आणि बाबानं कमी दिलं असंही कोणाला म्हणू देत नाही.