मूठभर फट

माझी मुलगी सात महिन्यांची असताना मी तिला आमच्या पलंगावर मधोमध झोपवलं, चारही बाजूंनी उशांचा किल्ला बांधला आणि चहा प्यायला स्वयंपाकघरात गेलो. किल्ल्याचा मला अभिमान वाटत होता. बायको आंघोळीला गेली होती. बाहेर आली की तिला दाखवायचा, असंही मनात होतं.

स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कपाटाची दारं बसवायला एक म्हातारे मिस्त्रीकाका आले होते. नागपूरच्या लकडगंजात आमच्या मागच्याच गल्लीत एकटे राहायचे; मुलगी खाप्याला दिली होती.

"लेकरू कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

"झोपलंय. चोख बंदोबस्त केलाय."

"पलंग भितीले लागून हाय का?"

"हो ना. म्हणजे एका बाजूची तरी काळजी नाही."

हातातला पेचकस टाकून ते धावले. मागून मी, चहाचा कप सांभाळत.

किल्ला शाबूत होता, मुलगी नव्हती. उशीवर चढून ती पलीकडे घसरली होती आणि पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत छातीपर्यंत अडकली होती. रडतही नव्हती. तो सागवानी पलंग मला कधी एकट्याला हलवता आला नव्हता. काकांनी एका हिसक्यात ओढला आणि तिला वर उचललं. मग ती रडली. तितकं गोड रडणं मी पुन्हा ऐकलेलं नाही.

तिला माझ्याकडे देऊन काका खाली फरशीवर बसले. मी म्हणालो, "काका, चहा घेता का?" अशा वेळी मला हेच सुचतं.

चहा त्यांनी घेतला नाही. पलंग उलटा केला आणि कोणाला न विचारता करवतीनं त्याचे चारही पाय बुडापासून कापले. मग तो खोलीच्या मध्ये, भिंतींपासून चांगला दूर ठेवला. उशा उचलून कपाटावर फेकल्या. "लेकराले उशी म्हणजे जिना हाय, भाऊ. अन् तोंड दबलं त..." पलंग सासऱ्यांनी दिलेला होता. पुढे ते आले तेव्हा बराच वेळ बघत उभे राहिले. म्हणाले, "जावईबापू, हा पलंग हाय का पाट?"

तुमच्याही वस्तीत असा एखादा माणूस असेल, ज्याला बोलवावं लागत नाही. लेकरू रांगायला लागलं अशी खबर कुठून आली की काका त्या घरी हजर. आधी बंद मूठ पलंग आणि भिंतीच्या मध्ये घालून बघणार, मग गादी आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीच्या मध्ये. "मूठ गेली का लेकरू गेलं," म्हणायचे. त्यानंतर स्वतः दोन्ही हातांवर आणि गुडघ्यांवर येऊन सगळ्या खोलीभर फिरायचे. "उभ्यानं काही दिसत नाही बाप्पा. रांगलं का दिसते." सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. काकांचे प्रश्नही थेट असायचे. "बाप दारू पेते का?" सासूदेखत विचारायचे. "पेत असन त त्याले दुसऱ्या खोलीत झोपवा. लेकराजोळ नाही."

एका प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदनानंतर मोहल्ल्याचा छोटासा कार्यक्रम होता. मी मंचावर काकांची नक्कल केली. रांगलो, मूठ दाखवली, दारूचं विचारलं. लोक पोट धरून हसले, सगळ्यात जास्त काका हसले. हशा आला की मला थांबता येत नाही. मी माइकवरून म्हणालो, "पण काका, आमच्याच पोट्ट्यांच्या मागं काहून लागता? स्वतःच्या नातवाचा पलंग पाहिला का कधी?"

त्यांचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. मग तर्री-पोह्यांची अर्धी प्लेट त्यांनी खुर्चीखाली ठेवली आणि ते निघून गेले.

दुपारी मी माफी मागायला गेलो. ते एका फळीवर रंधा मारत होते. मान वर न करता बोलू लागले.

"पोरीच्या लग्नात म्या सोता पलंग केला होता. लेकरू रांगायले लागलं, तवा मीच म्हटलं, भितीले लावून टाक वं, मंग नाही पडत. सरकवला बी मीच." रंधा थांबला. "फट राहिली होती. मूठभर. आठ महिन्यांचा होता."

त्यांनी फळी उलटी केली.

"पंधरा वर्षं झाले, पोरगी त्या गोष्टीवर एक शब्द नाही बोलली मले. सणाले येते, पुरणपोळी करून घालते. शिव्या दिल्या असत्या त बरं झालं असतं."

"तुम्ही तिला विचारलं नाही कधी?"

"इचारलं, अन् ती हो म्हणाली त?"

फळीवरचा भुसा त्यांनी फुंकला. म्हणाले, "तुमाले बोलता येते, भाऊ. खाप्याले जा एखाद्या दिवशी. तिच्या मनात काय हाय, एवढं पाहून या."

"या रविवारीच जातो," मी म्हणालो.

त्या रविवारी सासरे आले. पुढच्या रविवारी क्रिकेटची मॅच होती. मग मुलीचे दात, मग ऊन, मग पाऊस. काकांनी पुन्हा कधी विचारलं नाही. कोपऱ्यावर भेटले की फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मी घाईघाईनं मुलीच्या गमती सांगायचो. शेवटी शेवटी मी पलीकडच्या गल्लीनं जायला लागलो.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. काम करता करता भिंतीला टेकून बसले, ते उठलेच नाहीत.

तेरवी खाप्याला, त्यांच्या मुलीच्या घरी होती. आता मात्र मी गेलो. वाटेत भाषणही तयार केलं. ती वाढत होती, तिला बाजूला बोलावलं आणि म्हणालो, "ताई, झालं ते झालं. काकांना माफ करा."

"कायची माफी?"

मी सगळं सांगितलं. पलंग कोणी सरकवला, ते स्वतःला काय समजत होते, सगळं. तिनं हातातली भाजीची बादली खाली ठेवली.

"लेकराले एकटं टाकून कपडे वाळू घालायले मी गेली होती," ती म्हणाली. "बाबा मले कधी काहीच बोलले नाही. मले वाटे, ते मलेच दोष देऊन राहिले. दर सणाले मी त्यांच्या तोंडाकडे पाहो. आता म्हणतीन, आता म्हणतीन."

काहीतरी धीर द्यावा म्हणून मी घाईघाईनं बोलून गेलो, "नाही हो ताई. त्यांनी तर मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, खाप्याला जाऊन तुम्हाला विचारून या म्हणून."

तिनं माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. बादली उचलता उचलता म्हणाली,

"नागपूरहून खाप्याले यस्टी दीड तासात येते, भाऊ. तुमाले दोन वर्षं लागले."