दर्भाचा कावळा आणि अकरा चाळीस

या सदरातले गूढ अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आलो, पण त्यावर विश्वास कधी ठेवला नाही. साताऱ्यात ग्रंथपालाची नोकरी, घरी आई आणि मी. विश्वास न ठेवणं माझ्या किती सोयीचं होतं, ते पुढे येईलच.

माझा धाकटा भाऊ सुधीर सांगलीत टायपिंग सेंटर चालवायचा. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर. खरं काम त्याची बायको वैशाली करायची, तिचा हात त्याच्यापेक्षा जलद होता. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यानंतर त्याला कावीळ झाली. दवाखान्यात न्यायच्या दिवशी सेंटरमधल्या मशीनची वायर मीच काढली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "दादा, सेंटर वैशालीला चालवू दे. तिला माहेरी पाटणला पाठवू नका. आईला तू सांग." मी हो म्हणालो. त्याने निर्धास्तपणे डोळे मिटून घेतले. लहानपणापासून तो तसाच... दादाने सांगितलं म्हणजे झालं.

तो गेल्यावर दहावा दिवस माहुलीला, संगमावर केला. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. समोरच्या झाडावर तीन बसले होते, एकही खाली उतरेना. "वैशालीकडं बघू", "तिला काय कमी पडू देणार न्हाई" — ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. चुलते माझ्याकडे वळले, "बोल की रं, तुला काय म्हाईत असंल तर. उन्हं चढाया लागल्यात."

मला माहीत होतं. आई चार पायऱ्या वर बसली होती. वैशाली पांढऱ्या पायाची आहे, हे तिने आदल्या रात्रीच दहा जणींसमोर म्हटलं होतं.

मी म्हणालो, "गुरुजी, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. दर्भाचा कावळा करा."

गुरुजींनी दर्भाला गाठ मारून तो पिंडाला लावला. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी वेळ विचारली, मी घड्याळ पाहिलं. अकरा चाळीस.

तेरावा झाल्यावर वैशालीचा भाऊ येऊन तिला पाटणला घेऊन गेला. आईनेच चिठ्ठी पाठवली होती. पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात होता.

पुढच्या उन्हाळ्यात मी मशीन साताऱ्याला घरी आणलं, पुस्तकांच्या याद्या करायला. त्यातला अँटीव्हायरस जुना झाला होता, म्हणून नवी आवृत्ती घातली. तेव्हापासून रोज पडद्यावर चौकट यायला लागली, की अमुक फाइल सापडत नाही. मेकॅनिक साळुंखे म्हणाला, "सर, जुन्या व्हर्जननं ठरावीक वेळेला आपोआप चालायची कामं लावून ठेवल्यात. मालक गेला, गडी ऱ्हायले. डिलीट मारा."

त्या कामांची यादी उघडली. कामं तीन होती. समोर 'शेवटचं कधी चाललं' असा रकाना. पहिल्या दोन्हींपुढे सुधीर आजारी पडायच्या आधीच्या तारखा. तिसऱ्यापुढे — दहाव्याची तारीख. अकरा चाळीस.

त्या दिवशी मशीन सांगलीत होतं. वायर काढलेली होती, सेंटरला कुलूप होतं आणि किल्ली माहुलीला, माझ्या सदऱ्याच्या खिशात.

मशीनचं घड्याळ चुकलं असेल म्हणून तपासलं, बरोबर होतं. तिन्ही पुसली. दोन गेली. तिसरं दुसऱ्या दिवशी परत आलं, त्याच तारखेसह. पुन्हा पुसलं, पुन्हा आलं. साळुंखेने सगळी डिस्क पुसून पहिल्यापासून भरली. "आता काय ऱ्हातंय सर? पाटी कोरी!" सकाळी यादी उघडली, तर ते तिथेच. त्याने पैसे घेतले नाहीत. "तुमच्या घरातलं हाय सर, तुमीच बघा," एवढंच म्हणाला.

शेवटी एसटीडी बूथवरून पाटणला फोन लावला. मशीन वैशालीला माझ्यापेक्षा जास्त कळायचं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"जात नाही म्हणता?"

"नाही."

"मग यालाही दर्भाचा लावा ना, दादा. तुम्हाला जमतं."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनसमोर बसलो. आत आई शेंगा सोलत होती. तिला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, "सुधीर, सेंटर वैशालीचं. मी तिला परत आणतो." मग ते काम पुसलं.

ते परत आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्याने नाही.

साळुंखे म्हणतो, कधीकधी डिस्कमध्ये असं होतं. कसं होतं, हे त्यालाही सांगता येत नाही. बंद मशीनमध्ये ती वेळ कुणी लिहिली, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

सेंटरचा गाळा आईने त्याच दिवाळीत सोडायला लावला. मी सही केली. वैशाली पाटणला एका शाळेत खिचडी शिजवते, असं ऐकतो.

सुधीरच्या तिथीला मी मशीनवरचं कापड काढतो, यादी उघडतो आणि अकरा चाळीस होईपर्यंत बसून राहतो. यादी रिकामीच असते. मी आणतो म्हणालो होतो ना... त्याला तेवढं पुरलं.