मोटरवरचे हळदीकुंकू

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातले बरेचसे विसरलोही. शटरदुरुस्तीची एक साधी वाटणारी फसवणूक मात्र डोक्यातून जात नाही. नावे कुणाचीच सांगत नाही. माणसे हयात आहेत.

तेव्हा मी तंजावूरला इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी घेऊन ड्यूट्या वाटत असताना एक वयस्कर निवृत्त शिक्षिका आल्या. बोलायला सुरुवात तमिळमध्ये केली आणि टेबलावरच्या पाटीवर माझे आडनाव वाचताच मराठीवर आल्या. आमची घराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. देवनागरी फार थोड्यांना वाचता येते, पण घरची बोली सुटलेली नाही. मी त्यांना अक्का म्हणू लागलो.

अक्कांच्या घरी मोटारीसाठी शेड होती, तिला विजेवर चालणारे शटर. वर नेले की ते आपोआप थोडे खाली घसरायचे. विजेच्या खांबावर चिकटवलेल्या जाहिरातीतला नंबर पाहून त्यांनी दुरुस्तीवाल्याला बोलावले. फोनवर त्याने किरकोळ रक्कम सांगितली. आल्यावर आधी शटर बंद केले, मोटर काढून जमिनीवर पसरली आणि मग म्हणाला, जळली आहे, नवीच घालावी लागेल. भाव एकदम आठपट. अक्कांच्या यजमानांचे अर्धे अंग लुळे पडलेले, त्याच दिवशी त्यांना इस्पितळात न्यायचे होते आणि गाडी आत अडकलेली. अशा वेळी माणूस घासाघीस करत नाही, हे त्या पठ्ठ्याला पक्के ठाऊक होते.

"पैसे गेले ते गेले," अक्का म्हणाल्या. "पण मोटर जळली तर वास येतो कीं नाही? मज आला नाही. जुनी मोटरही तेनेंच उचलून नेली. आणि ही नवी वर जाताना रडती."

मी अर्ज नोंदवून घेतला, पावती दिली आणि हेड कॉन्स्टेबलला त्या माणसाच्या मागावर लावले. ठाण्यात थोडी थट्टा झाली, आता पोलीस शटरवाले पकडणार म्हणून.

थट्टा टिकली नाही. त्याच आठवड्यात एका डॉक्टरांच्या बंगल्याचे शटर धाडकन खाली आले आणि त्यांच्या ड्रायव्हरच्या पावलाचा चुरा झाला. मोटर नवीकोरी म्हणून नुकतीच बसवलेली, आणि बसवणारा तोच. त्याला बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर उचलले. डॉक्टरांकडची मोटर पंच बोलावून जप्त केली. पंचनाम्याला आमच्याकडे महजर म्हणतात. दुपारी त्याला ओळखायला अक्कांना बोलावून घेतले.

माणूस गोडबोल्या होता. "नवी मोटर होती, सार. कंपनीचा दोष. मी गरीब काय करणार?" अशा माणसाला मारून काही मिळत नाही, तो आणखी गोड बोलतो. मी त्याला बोलू दिले आणि मोटर न्याहाळत बसलो. वरचा काळा रंग ताजा होता. कंपनीच्या लेबलाचा एक कोपरा सुटला होता. मी तो नखाने ओढला. खाली रंग नव्हताच. दोन बोटे उमटलेली होती, शेजारीशेजारी, एक पिवळे आणि एक लाल.

आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, इथे प्रत्येक यंत्राची पूजा होते. तमिळ घरात चंदनाचा ठिपका देऊन त्यावर कुंकू लावतात. हळद आणि कुंकू असे शेजारीशेजारी लावायची रीत आमच्या घरांची. डॉक्टर तमिळ होते.

बाकावरून अक्का उठून आल्या. "हे माझे," म्हणाल्या. "मींच लावलेले."

म्हणजे शटर धरून ठेवणारा ब्रेक घसरत असलेली अक्कांची मोटर रंगवून त्याने डॉक्टरांना नवी म्हणून विकली होती. मग अक्कांच्या घरी काय बसवले होते? तीही अशीच कुणाची तरी जुनी असणार. अक्कांच्याही ते ध्यानात आले.

"कामवाली आमच्या तेंची खुर्ची शटरखाली ठेवती," त्या हळूच म्हणाल्या. "रस्ता दिसतो म्हणून. ऊन तोंडावर आले कीं शटर अर्धे खाली घेती."

घरी फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. यजमानांना उठता येत नव्हते, शेडमधून कामवालीला घंटा ऐकू जात नसावी, शेजारी ओरत्तनाडुला लग्नाला गेलेले. मी जीप काढायला सांगितली आणि त्या माणसाकडे वळलो. "यांच्याकडे कुठली मोटर आहे?"

"नवी, सार. डब्यातली."

"सगळीकडे रंग दिलास. एवढीच जागा का सोडलीस?"

तो पहिल्यांदा अडखळला. "कुंकू पुसू नये, सार. घरच्या बाईचे सौभाग्य असते."

"ती बाई ही समोर उभी आहे. तिचा नवरा तुझ्या दुसऱ्या मोटरखाली बसला आहे."

त्याने अक्कांकडे पाहिले. "बटण दाबू देऊ नका, सार. तिचाही ब्रेक गेलेला आहे."

अक्का आणि हेड कॉन्स्टेबल बसले, त्या माणसालाही जीपमध्ये घातले. टाउन बस, रिक्षा, दुचाक्या, सायरनला कोणी हलेना. मी इतका घाबरलो होतो की ड्रायव्हरवर उगाच ओरडलो.

यजमान शटरखालीच होते. जीप पाहून त्यांनी चांगला हात वर केला. चेहऱ्यावर ऊन आले होते आणि कामवाली भिंतीवरच्या बटणाकडे निघाली होती. हेड कॉन्स्टेबलने चालत्या जीपमधून उडी मारून खुर्ची मागे ओढली.

सगळ्यांना दूर करून मी त्या माणसालाच बटण दाबायला लावले. शटर निम्मे सावकाश उतरले आणि उरलेले एका दणक्यात आले. खुर्ची होती तिथली फरशी तडकली. अक्का पायरीवर बसल्या आणि यजमानांचे पाऊल हातात धरून राहिल्या.

खटला रीतसर चालला, शिक्षा झाली. या प्रकरणाने मला एवढे शिकवले की ठग आधी आपल्याला अडकवतो आणि मग भाव सांगतो. म्हणून मोटरीला हात लावू देण्याआधी भाव लिहून घ्यावा, न पटल्यास दुसऱ्याला विचारावे, आणि काढलेला भाग घरातच ठेवून घ्यावा. लाज न सोडणारा चोर मला त्या एका वेळी भेटला. दर वेळी तसा भेटेल यावर कोणी विसंबू नये.

पुढे अक्कांकडे दुसरा कारागीर आला, तेव्हा मी मुद्दाम गेलो होतो. भाव लिहून घेईपर्यंत त्यांनी त्याला शिडीवर चढू दिले नाही. मग खोके स्वतः फोडले, लेबल नखाने उचलून पाहिले, मोटर चहूबाजूंनी फिरवली.

"काय पाहता, अक्का?" मी विचारले.

"दुसरीचे कुंकू नाही ना, तें," म्हणाल्या, आणि आत हळदीकुंकवाचा करंडा आणायला गेल्या.