देवाला दिलेला पत्ता

आमच्या मिठबावच्या देवळात गाऱ्हाणं घालणारे एक गृहस्थ होते. होडीचं असो की कोर्टाचं, मोघम मागणं त्यांना खपत नसे. एकोणीसशे साठच्या सुमारास मी शिकायला ग्लासगोला निघालो, तेव्हा नारळ हातात धरून त्यांनी आधी माझीच उलटतपासणी घेतली.

"माळो कितवो? खोली उजवीक की डावीक? देव झालो तरी तेणा खंय सोदूचा?"

मग तीनदा खाकरून ते सुरू झाले, "बा देवा महाराजा, ह्या तुझा लेकरू ग्लासगो गावात तळमजल्यार डाव्या खोलयेत रवतला, तेची राखण कर रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मंडळी ओरडली.

पुढे दर सोमवारी ते हेच गाऱ्हाणं घालत.

वर्षभराने मी कॉलेजजवळ बिऱ्हाड हलवलं. तिथे सारखा ताप, हाडं गोठवणारी थंडी, बोलायला कुणी नाही. घरी रडगाणं लिहिलं, तर उत्तर त्या गाऱ्हाणं घालणाऱ्या गृहस्थांचंच आलं, "जागा बदललंस ता कळवक नको? दोन म्हयने देव जुन्याच खोलयेची राखण करता!"

मी हसत हसत जुन्या घरी टपाल आणायला गेलो. जिना चढवत नाही म्हणून घरमालकीणबाई आता माझ्याच खोलीत राहत होत्या. दार उघडायला त्या नेहमीच्या काठीशिवाय आल्या.

"दोन महिने झाले, गुडघा दुखतच नाही," त्या म्हणाल्या. "औषध तर काहीच घेतलं नाही!"

त्याच संध्याकाळी मी गावी नवा पत्ता कळवला. खाली लिहिलं, "गाऱ्हाण्यात जुनो पत्तोय रवांदे."