सून गेली, सायकल राहिली

पोराचा संसार मोडला, तेव्हा अर्धी धरमपेठ माझ्याजवळ येऊन हळहळली. माझी सायकलवरची जोडीदार गेली, त्याबद्दल मात्र एकानंही विचारलं नाही. सासूला सुनेवाचून करमत नाही, हे लोकांच्या गळी उतरत नाही.

तिनंच मला या नादाला लावलं. सून सावनेरची, शाळेत खेळ शिकवायची. हातात नकाशा घ्यायचा आणि त्यावर खुणा केलेली ठिकाणं सायकलनं जंगलात शोधत फिरायचं, अशी ती स्पर्धा. नवख्यांना जोडीनं जाता येतं. तिची मैत्रीण ऐनवेळी आजारी पडली, तर ही म्हणते, "तुम्ही चला न. बाजारात तर सायकलनंच जाता." मी नुकतीच ऑफिसातून निवृत्त झालेली, गुडघे कुरकुरणारे. तरी गेले.

खाप्याच्या पुढे सागाचं जंगल. फोन सुरुवातीलाच जमा केले. हँडलवर फिरणारी पाटी आणि तिच्यावर नकाशा लावलेला. पहिल्याच फाट्यावर मी सवयीनं एका मोटारसायकलवाल्याला थांबवलं, "भाऊ, हा रस्ता कुठं जातो?" तोही आपल्याकडचाच माणूस, माहीत नसलं तरी सांगणारच. "सीधं जा न बाई." सून मागून कावली, "काहून विचारता? कोणाले विचारायचं नसते, बाद करतीन आपल्याले." मग तिनं शिकवलं, की आपण वळलो की नकाशाही वळवायचा, म्हणजे उजवं ते उजव्याच हाताला राहतं. एवढं डोक्यात शिरेपर्यंत आम्ही जंगलात चांगल्याच भटकलो. शेवटून पहिल्या आलो आणि सावनेरला तिच्या माहेरी पोटभर जेवून घरी परतलो.

त्यानंतर आमचे रविवार ठरूनच गेले. घरात आम्ही सासू-सूनच होतो, भांड्याला भांडं लागायचंच. पण जंगलात ती मला ठणकावून चूक सांगायची आणि मी मुकाट ऐकायची. इतकं मी नवऱ्याचंही कधी ऐकलं नाही.

मग त्या दोघांचं बिनसलं. मी पोराला झापलं, तिला समजावलं, दोघांच्या विनवण्या केल्या. मारहाण नाही, दारू नाही. नुसतं जमत नाही म्हणे. जमत नाही म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही. ती माहेरी गेली. कागदावर सह्या झाल्यावर मी फोन केला, "स्पर्धेला तरी येत जा वं माझ्यासंगं." ती म्हणाली, "बरं नाही दिसत ते." तिचं खरंच होतं.

या हिवाळ्यात मी एकटीच उतरले. सगळी ठिकाणं सापडली, एकही फाटा चुकला नाही, पण मेला आनंद काही होईना. सायकल झाडाला टेकवून पोहे घ्यायला गेले, तर समोर ती. बारीक झाली होती. सोबत तिच्याच वयाची एक मुलगी, नवी जोडीदार. मला पाहून तिचा चेहरा खुलला आणि मलाही भरून आलं. मी जवळ गेले, तोच तिनं त्या मुलीला सांगितलं, "ह्या काकू. मस्त चालवतात सायकल."

लग्न झालं त्या दिवसापासून मला आई म्हणत होती. पण आता दुसरं काय म्हणणार होती ती?