बरणी अजून पुलावर आहे

परीक्षेच्या पॅडवर लाकडी फूटपट्टी खाडकन आपटायची आणि ओरडायचं, "चलो, गाडी सुटली!" आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं चित्रीकरण असं सुरू व्हायचं. थांबवताना मात्र ते "कट" म्हणत, तेही कुणाची झोपमोड होऊ नये इतक्या हळू.

तुम्हा दोघांना ते आठवत असतील. पण तेव्हा तुमचं लक्ष बरणीकडे होतं, माझं त्यांच्याकडे. गेल्या महिन्यात ते गेले, म्हणून लिहून ठेवते.

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी मुलांसाठी सिनेमा काढायचं मनावर घेतलं. गोष्ट एवढीच : सुट्टीला आलेली दोन भावंडं आवकाय लोणच्याची बरणी घेऊन तारनाक्याहून अफझलगंजच्या मावशीकडे निघतात. वाटेत बस चुकते, बरणी हरवते, सापडते. शेवटी मावशी दार उघडते आणि बरणी हातात घेते. कॅमेरा म्हणजे काकांचा फोन. भावंडं म्हणजे सुट्टीला माझ्याकडे आलेले तुम्ही दोघं. मावशी म्हणजे आमच्या काकू, आणि मावशीचं दार त्यांचंच, वरच्या मजल्यावरचं.

बसचा कंडक्टर आठवतो? "साब, मेरा भी एक डायलॉग रखो ना," म्हणत तो तिकिटं द्यायचंच विसरला. मुसी नदीच्या पुलावर टोपी उडाली तेव्हा तुम्ही रडकुंडीला आलात आणि काका खूश. "उडू द्या! हे लिहून सुचलं नसतं."

त्यांची एक रीत होती. गोष्टीत जे आधी, त्याचंच चित्रीकरण आधी. काकूंचं डायलिसिस चालू होतं, बरा दिवस क्वचितच उगवायचा. अशाच एका दिवशी मी म्हटलं, "आज दाराचा प्रसंग उरकून घ्या की. त्यांना बरं वाटतंय."

"वहिनी, बरणी अजून पुलावर आहे. दार कसं उघडेल?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, मी रोज हिरवी साडी नेसून बसते. पार चुरगळली! आज तरी पोचतेय का तुमची बरणी?"

"उद्या. उद्या पक्का."

तुमच्या विमानाच्या आदल्या दिवशी बरणी अफझलगंजला पोचली. दाराचा प्रसंग घ्यायला आपण घाईघाईने परतलो, तर दाराला कुलूप. काकूंना धाप लागली म्हणून शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं होतं. हिरव्या साडीतच. त्या परत आल्या नाहीत.

पुढच्या खेपेला तुम्ही आलात ते चौकटीएवढे उंच होऊन. काकांनी तुम्हाला चहा दिला, मान वर करून बघितलं आणि हसले. सिनेमाचं नाव काढलं नाही. नंतर मी सुचवलं, दुसरी मुलं घ्या, नव्याने करा.

"मुलं मिळतील हो वहिनी. दार कोण उघडणार?"

या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन मी वर गेले. ते स्वतःच्याच बंद दाराबाहेर उभे होते. स्टुलावर फोन उभा केलेला, कुशीत बरणी. लोणचं केव्हाच काळं पडलं होतं. मी काही बोलणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बेल दाबली.

रिकाम्या घरात बेल वाजली. एखादीने पदर पसरावा तशी त्यांनी बरणी दोन्ही हातांनी पुढे धरली. मी ताट घेऊन पायरीवरच थांबले.

"कट" त्यांनी म्हटलंच नाही.